ऑस्टिओपॅथी आणि नेहमीची दुखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिओपॅथी म्हणजे नेमकं काय?

हातांनी तपासायचं आणि हातांनीच उपचार करायचा, अशी ही पद्धत. कुठला स्नायू आखडलाय, कुठला सांधा पुरता वळत नाही, कुठे बोट टेकलं की माणूस दचकतो, हे आधी शोधायचं. मग तिथे दाबून, ताणून, सांधा हळूहळू फिरवून, क्वचित एक छोटा नेमका झटका देऊन हालचाल मोकळी करायची. गोळी नाही, सुई नाही.

तिचा जन्म अमेरिकेतला. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांची तीन मुलं १८६४ साली मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या संसर्गाने गेली. त्या काळी औषध म्हणून पाऱ्याची संयुगं आणि अफू सर्रास दिली जात, त्यामुळे स्टिल यांचा औषधांवरचा विश्वास उडाला यात नवल नाही. १८७४ मध्ये त्यांनी आपला विचार जाहीर केला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथे पहिलं विद्यालय काढलं. हाडं-सांधे ठाकठीक असले की रक्त नीट वाहतं आणि बहुतेक आजार शरीर स्वतःच बरे करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जंतू, लसी, प्रतिजैविकं हे सगळं माहीत झाल्यावर ते म्हणणं त्या रूपात टिकत नाही. टिकली ती दुखऱ्या अंगाला हात लावून, वेळ देऊन तपासण्याची सवय. आज येणारे बहुतेक लोक त्यासाठीच येतात.

ऑस्टिओपॅथ हा डॉक्टर असतो का?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात. ते औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि त्यांच्यातले पुष्कळजण हातांचा उपचार रोजच्या कामात फारसा वापरतही नाहीत. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने हा वेगळा नोंदणीकृत व्यवसाय झाला. तिथे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. पण हे लोक वैद्यकीय डॉक्टर नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या विषयाच्या प्रशिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले, पण निकष म्हणजे कायदा नव्हे. जिथे कायदा नाही तिथे आठवडाभराचा कोर्स करून पाटी लावणाराही ऑस्टिओपॅथच. शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं होतं, नोंदणी कुठे आहे, हे सरळ विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिकपेक्षा हे वेगळं कसं?

पूर्वी वाटायचं तितकं वेगळं नाही. ढोबळमानाने सांगायचं तर फिजिओथेरपिस्ट व्यायामावर आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनावर जास्त भर देतो, कायरोप्रॅक्टर मणक्यांच्या झटक्यांवर, आणि ऑस्टिओपॅथ मऊ ऊतींवर म्हणजे स्नायू व त्यांच्या आवरणांवर जास्त वेळ घालवतो. पण तिघांच्याही हातांत बरीचशी तंत्रं सारखीच असतात. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आतला माणूस कसा आहे यानेच जास्त फरक पडतो.

कंबरदुखीत खरंच आराम मिळतो का?

मिळतो, पण जाहिरातीत सांगतात तितका नाही.

पाठीच्या खालच्या भागाचं दुखणं हे ऑस्टिओपॅथीचं मुख्य क्षेत्र, आणि सगळ्यात जास्त अभ्यासही त्याचेच झालेत. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या १,३३४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. नेहमीच्या उपचारांना मणक्यांवरच्या हातांच्या उपचाराची जोड मिळालेल्यांना तीन महिन्यांनी थोडा ते मध्यम फायदा दिसला. वर्षाच्या शेवटी त्यातला थोडाच शिल्लक होता. २०१३ मध्ये अमेरिकेत ४५५ जणांवर झालेल्या चाचणीत खोट्या उपचारापेक्षा (म्हणजे तुलनेसाठी केलेल्या नुसत्या वरवरच्या उपचारापेक्षा) खऱ्या उपचाराने जास्त लोकांची वेदना चांगलीच कमी झाली. मग २०२१ मध्ये फ्रान्समधली ४०० जणांची चाचणी आली, आणि तिच्यात हालचालींतला फरक इतका किरकोळ निघाला की रोजच्या जगण्यात तो जाणवेलच असं नाही. वेदनेत तर म्हणण्यासारखा फरकच नव्हता. ज्यांना फक्त २०१३ चा अभ्यास आठवतो आणि २०२१ चा आठवत नाही, अशा उपचारकांपासून जरा सांभाळून.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत हातांच्या उपचाराला जागा आहे, पण एका अटीवर: सोबत व्यायाम हवाच. नुसतं टेबलावर पडून उपचार करून घेणं त्यांत बसत नाही.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. महिनोन् महिने कंबर दुखणारा माणूस नकळत वेगळा वागायला लागतो. खुर्चीतून उठताना श्वास रोखतो, एक हात मांडीवर टेकवतो, पाठ फळीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांतूनच वाकतो. मोजे घालायचे म्हटलं की आधी टेबलाचा आधार शोधतो. उपचार नीट झाला तर टेबलावरून उतरल्यावर तोच माणूस बूट घालायला सहज खाली वाकतो आणि अर्ध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण वाकलोय. हातांचं काम इथे संपतं. पुढचे दोन-चार दिवस दुखणं कमी असतं आणि तेवढ्यात चालणं, वाकणं, वजन उचलणं हळूहळू वाढवलं, तर पाठीवरचा गेलेला भरवसा परत येतो. ‘आता बरं वाटतंय तर दोन दिवस पडून राहतो’ म्हटलं, की पुढच्या आठवड्यात दुखणं परत हजर.

कालच उसण भरली आहे. लगेच यायचं का?

आलात तरी चालेल, नाही आलात तरी बहुधा बरं वाटेल. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पहिल्या दिवसांत शेक आणि सोसवेल तेवढं चालणं-फिरणं हा उत्तम उपाय. बिछान्याला खिळून राहणं हा वाईट. उपचाराने हे दिवस थोडे सुसह्य होतात. मात्र चौथ्या दिवशी बरं वाटलं की त्याचं सगळं श्रेय उपचारकाला देऊ नका, निम्म्याहून जास्त श्रेय तुमच्या पाठीचंच असतं.

कट्ट असा आवाज आला, म्हणजे मणका जागेवर बसला ना?

नाही. मणका जागेवरून गेलेलाच नसतो, तर बसणार कुठून?

सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याची दोन टोकं झटक्यात एकमेकांपासून दूर ओढली की आतला दाब एकदम घटतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाच्या सांध्यावर एमआरआयखाली हे प्रत्यक्ष टिपलं. तोच सांधा पुन्हा लगेच वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. आवाज आला म्हणून उपचार लागू पडला असं नाही, आणि आला नाही म्हणून वाया गेला असंही नाही.

‘माकडहाडाजवळचा सांधा सरकला होता, तो बसवला’ हे वाक्य तर कानावर नेहमीच येतं. १९९८ च्या एका स्वीडिश अभ्यासात या सांध्याची स्थिती झटक्याच्या आधी आणि नंतर अतिशय बारकाईने मोजली. उपचारकांच्या हातांना ‘बसल्यासारखं’ वाटलं, मापात मात्र काहीच हललं नव्हतं. तरी लोकांना बरं वाटतं हे खरं आहे. त्याचं कारण हाडांच्या जागेत नसून मज्जातंतूंत असावं: त्या भागातल्या स्नायूंचा ताण सैलावतो आणि वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात. हाड सरकल्याची गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण ती ऐकून माणूस पुढे वाकायलाच घाबरतो. सगळ्यात मोठं नुकसान तेच.

एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं लिहिलंय. ती परत आत ढकलता येते का?

येत नाही. हातांनी तर नाहीच. मणक्यांमधली गादी लोण्याच्या वडीसारखी आत-बाहेर होत नाही. तिच्या कडा मणक्यांना घट्ट चिकटलेल्या असतात. फुगते किंवा फाटते ती गादीच, आणि फाटून बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांत शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं.

एमआरआयचा कागद वाचून धास्ती घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के होतं. कागदावरचं वर्णन आणि तुमची वेदना यांचा संबंध असेलच असं नाही.

पायात कळ उतरते, मुंग्या येतात, म्हणजे सायटिका असेल, तर हलक्या हाताचे उपचार आणि व्यायाम यांनी दिवस सुसह्य होऊ शकतात. पण पाऊल उचलताना लटकं पडत असेल, पायातली शक्ती दिवसागणिक कमी होत असेल, तर आधी डॉक्टर.

मानदुखी आणि डोकेदुखीचं काय?

मान आखडली असेल, डोकं वळवताना एका बाजूला अडकत असेल, तर हातांचा उपचार आणि व्यायाम यांची जोडी उपयोगी पडू शकते. मानेतून उठून कपाळापर्यंत जाणारी, मान वळवली की वाढणारी डोकेदुखी हीसुद्धा याच गटातली. ताणाने येणाऱ्या, डोक्याला पट्टा आवळल्यासारख्या डोकेदुखीत काहींना बरं वाटतं, पण पुरावा कच्चा आहे. मायग्रेनमध्ये तो आणखी कच्चा. तिथे मेंदूविकारतज्ज्ञांची औषधं आधी, आमचे हात नंतर.

डोकेदुखी घेऊन येणाऱ्याला एक प्रश्न विचारल्याशिवाय मी मानेला हात लावत नाही: महिन्यातले किती दिवस वेदनाशामक घेता? साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, अथवा ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) वा मिश्र वेदनाशामकं दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी पोसली जात असण्याची शक्यता असते. अशी मान कितीही चोळली तरी काही होणार नाही. गोळ्या कमी कशा करायच्या हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं.

खांदा, कोपर, गुडघा?

गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन आटोक्यात ठेवणं याला पर्याय नाही. हातांचा उपचार ही थोडीशी जोड. गोठलेल्या खांद्याला मुळातच महिने लागतात, तो जोर लावून ‘सोडवू’ पाहणाऱ्यापासून लांब राहा. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात पकड आणि मनगट हळूहळू बळकट करणारे व्यायाम जास्त टिकाऊ.

गरोदरपणात चालतं का?

गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात, प्रसूतितज्ज्ञांना सांगून, हलक्या हाताने चालतं. पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, कंबरेवर आणि ओटीपोटाच्या मागच्या सांध्यांवर भार येतो. उपचार कुशीवर झोपवून करतात, जोराचे झटके टाळतात. अमेरिकेत ४०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत शेवटच्या तिमाहीतली कंबरदुखी नुसत्या नेहमीच्या देखभालीपेक्षा उपचार घेणाऱ्यांत कमी वाढली. पण ज्यांना खोटा अल्ट्रासाउंड दिला होता त्यांनाही जवळपास तेवढाच आराम मिळाला. रक्तस्राव, पाणी जाणं, पोटात थांबून थांबून कळा, बाळाची हालचाल कमी वाटणं यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय.

म्हणजे हा सगळा मनाचाच खेळ?

काही भाग तसा आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं, नेमकं दुखतंय तिथे हात ठेवला, ‘यात घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणून सांगितलं, तर वेदना खरोखर कमी होते. वेदना मेंदूत घडते, भीतीने वाढते आणि भरवशाने उतरते. पण याच कारणासाठी उपचारकाने सांगितलेली गोष्ट खरी असायला हवी. खोटी भीती घालून मग ती दूर करणं हा धंदा झाला.

तान्ह्या बाळाच्या रडण्यावर डोक्याची ऑस्टिओपॅथी करावी का?

माझं मत: करू नये.

स्टिल यांचे विद्यार्थी विल्यम गार्नर सदरलंड यांनी कवटीची हाडं सूक्ष्म लयीत हलतात आणि ती लय हातांना जाणवते असं मांडलं. मोठ्या माणसात कवटीचे सांधे बोटांनी हलण्याइतके सैल नसतात. दोन अनुभवी उपचारकांना एकाच माणसाची ही ‘लय’ मोजायला सांगितली की दोघांचे आकडे जुळत नाहीत, हे अनेकदा दिसून आलंय. ज्याचं माप कुणालाच जुळवता येत नाही, त्यावर उपचार कशाच्या आधारे करायचा?

बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोक गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं ओसरतं. नेमक्या टोकाला असताना वैतागलेले आई-बाबा कुणाकडे तरी धाव घेतात, आणि पुढच्या पंधरवड्यात रडणं कमी झालं की श्रेय उपचाराला जातं. या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये काढला. चाचण्या लहान आणि सदोष असल्याने ठाम काही म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बाळाला ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, दूध घेत नसेल, निपचित पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे तातडीने.

दमा, रक्तदाब, पोटाच्या तक्रारी, पाळीतलं दुखणं?

यांपैकी कशावरही ऑस्टिओपॅथी हा मुख्य उपचार नाही. दम्याचा पंप किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पहिल्या भेटीत काय काय होतं?

निम्मा वेळ बोलण्यात जातो, जायलाच हवा. दुखणं कधी सुरू झालं, रात्री झोपेतून जागं करतं का, कशाने वाढतं, पूर्वी कर्करोग झाला होता का, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का. मग उभं राहून पुढे-मागे-बाजूला वाकायला सांगतात, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघतात, पायाच्या अंगठ्याची ताकद तपासतात. त्यानंतर टेबल.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं. सोबत कुणी हवं असेल तर सांगा. कुठलाही झटका देण्याआधी काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता हे सांगून तुमची संमती घेतली गेली पाहिजे, आणि मध्येच ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुमचाच.

दुसऱ्या दिवशी अंग जास्तच दुखतंय. काही चुकलं का?

बहुधा नाही. निम्म्याच्या आसपास लोकांना उपचारानंतर दिवस-दोन दिवस अंग ठणकतं, थकवा येतो किंवा डोकं जड होतं. दोन दिवसांनंतरही वाढतच असेल तर फोन करा.

गंभीर धोका कितपत?

क्वचित असतो, पण असतो. सगळ्यात जास्त चर्चा मानेच्या झटक्याची होते: मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटणं, आणि त्यातून पक्षाघात. यात एक गुंता आहे. अस्तर आधीच फाटलेलं असलं तरी पहिलं लक्षण मानदुखीच असतं, आणि तो माणूस मानदुखी म्हणूनच उपचाराला येतो. म्हणून कधी नव्हे अशी, अचानक, एका बाजूला उठलेली मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास यांतलं काही असेल, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. सरळ रुग्णालय गाठा. एरवीही मानेचा झटका नको असेल तर नको म्हणा, हलक्या तंत्रांनी काम भागतं.

हाडं ठिसूळ झाली आहेत, नुकताच अपघात झालाय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, सांध्यांच्या आमवाताने मानेचा वरचा भाग कमजोर झालाय, अशांना झटके वर्ज्य. कंबरदुखीसोबत जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवी अडणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पाय लुळे वाटणं, ही तर काही तासांत शस्त्रक्रिया लागू शकेल अशी परिस्थिती. उद्यापर्यंतही थांबू नका. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी वेदना असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

किती बैठका लागतात? दर महिन्याला ‘देखभाल’ म्हणून यावं का?

तीन-चार बैठकांत काही फरक जाणवला नाही तर त्याच मार्गाने पुढे जाण्यात अर्थ नसतो. निदान पुन्हा तपासायला हवं किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. फरक जाणवत असेल तर दोन बैठकांमधलं अंतर वाढत गेलं पाहिजे. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचं पॅकेज पुढे सरकवलं तर घेऊ नका: वीस लागतील हे तुमची पाठ तपासण्याआधी कुणाला कळणार?

काहीही दुखत नसताना महिन्याच्या महिन्याला मणके तपासून घ्यायची गरज नाही. आवडतं म्हणून कुणी येत असेल तर त्याची मर्जी. त्याच वेळात तो चाळीस मिनिटं झपाझप चालला असता तर पाठीचं जास्त भलं झालं असतं, हे मी त्यालाही सांगतो.